खाजणातली पाखरं आणि रेचल कार्सन

पावसाळा लागला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तापाची रांग लागते. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. रक्ताच्या काचपट्ट्या बघून बघून तंत्रज्ञांचे डोळे भरून येतात. अशाच एका सकाळी खाडीकाठच्या गावातले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातवाला मलेरिया निघाला. गोळ्या समजावून सांगत होते, तेवढ्यात आजोबांनी उलट मलाच समजावायला सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी डीडीटीवाले घरोघर यायचे, भिंतींवर पांढरे ओघळ उठायचे, फवारणी झाली की दाराजवळ तारीख लिहून जायचे, आणि गावात हिवताप औषधालासुद्धा सापडत नसे. मग तुम्ही लोकांनी ते बंद का केलंत, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

हाच सवाल शिकल्यासवरल्या लोकांकडूनही येतो, फक्त त्यात एक नाव जोडलेले असते. अमेरिकेतल्या एका पक्षीवेड्या बाईने पुस्तक लिहिले, डीडीटी बंद पडले आणि डासांचे फावले. विद्यार्थिदशेत मी हे ऐकले होते आणि बरीच वर्षे खरेही मानले होते. डास मारणे हा माझ्या नोकरीचाच एक भाग, त्यामुळे या बाईंवर माझा थोडा रागच होता म्हणा ना. पुढे त्यांचे चरित्र सविस्तर वाचले तेव्हा राग तर गेलाच, पण एक डॉक्टर म्हणून थोडी मान खाली घालावी लागली. ती का, ते पुढे येईलच.

रेचल कार्सन हिचा जन्म २७ मे १९०७ चा, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावचा. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. अॅलेघेनी नदीकाठी कार्सन कुटुंबाची ६५ एकर जमीन होती, पैसा मात्र बेताचाच. तीन भावंडांत ही धाकटी. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. ती या मुलीला घेऊन शेतात, रानात हिंडे, पक्ष्यांची नावे सांगे. अकराव्या वर्षी रेचलची एक गोष्ट ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात छापून आली आणि आपण लेखिका व्हायचे हे तिने ठरवून टाकले. १९२५ साली पिट्सबर्गच्या महिला महाविद्यालयात गेली तीही इंग्रजी साहित्य शिकायला. तिथे मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकेचा जीवशास्त्राचा वर्ग तिने केला आणि विषयच बदलला. साहित्य सोडून बेडूक कापायला लागलेली ही मुलगी वाया गेली, असे तेव्हा बऱ्याच जणांना वाटले असणार.

पदवी मिळाली १९२९ मध्ये. त्याच उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत काही आठवडे काढायची संधी मिळाली आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राणिशास्त्राची एम.ए. झाली. प्रबंधाचा विषय होता कॅटफिशच्या गर्भातले मूत्रपिंड. डॉक्टरेट करायची होती, पण महामंदीचा काळ होता, पैसे नव्हते. १९३५ मध्ये वडील गेले. दीडएक वर्षाने थोरली बहीण न्यूमोनियाने गेली आणि तिच्या दोन मुली आजी आणि मावशीच्या पदरात आल्या. पेनिसिलिन अजून बाजारात यायचे होते. त्या काळचा न्यूमोनिया म्हणजे आजच्यासारखा आठवड्याच्या इंजेक्शनांचा मामला नव्हता.

घर चालवायला रेचलने सरकारी मत्स्य खात्यात काम धरले. आधी काम होते रेडिओसाठी सात-सात मिनिटांच्या ५२ श्रुतिका लिहिण्याचे, विषय पाण्याखालचे जीवन. मग स्पर्धा परीक्षा देऊन १९३६ मध्ये ती कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. त्या खात्यात या दर्जाच्या पदावर तेव्हा दोनच स्त्रिया होत्या. सरकारी नोकरी लागली की आपल्याकडे माणसाला अहो-जाहो करतात, तेव्हा यापुढे आपणही त्यांना कार्सनबाई म्हणू.

नोकरी टेबलाची. अहवाल वाचायचे, सुधारायचे, छापायला पाठवायचे. आम्हा सरकारी लोकांना या कामाचा कंटाळा चांगला माहीत आहे. पण त्या कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. देशभरातल्या संशोधनाचे कागद त्यांच्या हाताखालून जाऊ लागले, आणि रजा मिळाली की कुठल्या किनाऱ्यावर जायचे हे कळू लागले. १९३८ च्या उन्हाळ्यात त्या आई आणि भाच्यांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्यूफोर्टला गेल्या. तिथे खात्याचे केंद्र होते, आणि त्याच्या आजूबाजूला होती ती जमीन, जिला आपल्या कोकणात आणि गोव्यात खाजण म्हणतात. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघडी. वाळूचे दांडे, गवताळ दलदल, मधूनमधून साचलेली खारी तळी.

खाजणातले पक्षी बघायचे तर मनगटावरचे घड्याळ कामाचे नाही, चंद्राचे घड्याळ लागते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी मैलोगणती पांगतात. भरती चढू लागली की तेच पक्षी मागे रेटले जातात आणि शेवटी एखाद्या उंचवट्यावर खांद्याला खांदा लावून, एका पायावर उभे राहून, पाणी उतरायची वाट पाहतात. मोजायचे तर तेव्हा मोजावेत. ओहोटीला मात्र बघावे कोण कुठे चरते ते. लांब वाकड्या चोचीचा कुरल चिखलात खोलवरचा किडा ओढून काढतो. तुतवार वरच्या बोटभर चिखलातच टोचत राहतो. चिखल्याची चोच आखूड, तो डोळ्यांनी शिकार हेरतो आणि चार पावले धावून टिपतो. एकाच पानात जेवायला बसलेत, पण प्रत्येकाचा पदार्थ वेगळा.

कार्सनबाईंचा जीव जडला तो सँडरलिंगवर. तुतवाराच्याच कुळातला हा चिमणीहून थोडा मोठा, पांढुरका पक्षी. लाट मागे सरली की तिच्यामागे धावायचे, ओल्या वाळूतले बारीक कवचधारी जीव टिपायचे आणि पुढची लाट यायच्या आत पाय न भिजवता माघारी पळायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही हे पक्षी येतात. त्यांची घरटी मात्र उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशात. साठेक ग्रॅम वजनाचा जीव दरवर्षी हजारो किलोमीटर जातो आणि येतो. त्यासाठी लागणारे इंधन तो वाटेतल्या किनाऱ्यांवर आणि खाजणांत चरबीच्या रूपाने भरून घेतो. किनाऱ्यावरच्या काही जातींचे पक्षी निघण्यापूर्वी आपले वजन जवळपास दुप्पट करतात. एवढेच नव्हे, उड्डाणाआधी त्यांचे जठर आणि आतडी आकसतात, म्हणजे तेवढे ओझे कमी. हे आतड्यांचे प्रकरण शास्त्रज्ञांना फार नंतर कळले. पण चरबीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

ब्यूफोर्टला त्या दिवसा आणि रात्रीही किनाऱ्यावर बसत, वाळूत पडून राहत, टिपणे काढत. त्यातून १९४१ मध्ये ‘अंडर द सी-विंड’ हे पहिले पुस्तक झाले. त्यात माणूस जवळजवळ नाहीच. सँडरलिंगची एक जोडी, एक बांगडा आणि एक वाम हीच त्याची मुख्य पात्रे. सँडरलिंगची जोडी किनाऱ्यावरून उत्तरेला जाते, बर्फात अडकते, अंडी घालते, परत येते. पक्ष्यांना माणसांसारखे बोलायला न लावता त्यांची गोष्ट सांगणे अवघड असते. कार्सनबाईंना ते साधले, कारण त्यातले जवळपास सगळे डोळ्यांनी पाहिलेले किंवा शास्त्रीय लेखांतून पारखून घेतलेले होते. पुस्तक नोव्हेंबरात आले आणि महिनाभरात पर्ल हार्बर झाले. युद्धाच्या धामधुमीत दोन हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

युद्ध संपल्यावर खात्याने त्यांच्याकडे एक काम दिले. देशातल्या पक्षी-अभयारण्यांवर सामान्य लोकांसाठी पुस्तिका काढायच्या. १९४६ च्या वसंतात त्या खात्यातली चित्रकार मैत्रीण शर्ली ब्रिग्ज हिच्यासोबत व्हर्जिनियातल्या चिंकोटीगच्या खाजणात गेल्या. गमबूट, दुर्बीण, कॅमेरा, चिखलाने माखलेले कपडे. या अवतारात त्या दोघी हॉटेलात शिरत तेव्हा बाकीचे पाहुणे बघतच राहत. चिंकोटीगचे अभयारण्य स्थलांतर करणाऱ्या मोठ्या हिमहंसांसाठी १९४३ मध्ये राखलेले. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या पार्कर रिव्हरची पाळी आली. तिथले गावकरी अभयारण्यावर संतापलेले होते. बदकांची शिकार आणि तिसऱ्या खणणे यावर बंधने आली होती ना. आपल्याकडे वनखाते आणि गावे यांच्यात जे चालते त्याहून वेगळे काही नाही. कार्सनबाईंनी पुस्तिकेत पक्ष्यांचे कौतुक तर केलेच, पण उत्तर ध्रुवापासून दक्षिणेपर्यंतच्या प्रवासात एकेक खाजण म्हणजे धर्मशाळा आहे आणि मधल्या धर्मशाळा बुजवल्या तर दोन्ही टोके राखून उपयोग नाही, हा मुद्दा शांतपणे मांडला. सरकारी पुस्तिका सहसा कोणी वाचत नाही, या मात्र वाचल्या गेल्या.

याच सुमारास डीडीटी त्यांच्या टेबलावर आले. हे रसायन कीटक मारते हे स्वित्झर्लंडच्या पाऊल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधले. युद्धात त्याने उवा मारून प्रलापक सन्निपात ज्वर, म्हणजे टायफस, रोखला. सैनिकांना मलेरियापासून वाचवले. १९४८ मध्ये म्यूलर यांना नोबेल मिळाले तेही वैद्यकशास्त्राचे. हे सगळे रास्तच होते. पण मेरीलँडमधल्या पटक्सेंट केंद्रात कार्सनबाईंचे सहकारी हेच रसायन रानावर फवारून पक्ष्यांवर आणि माशांवर काय परिणाम होतो ते बघत होते, आणि त्यांची निरीक्षणे चिंताजनक होती. १९४५ मध्येच बाईंनी ‘रीडर्स डायजेस्ट’ला या विषयावर लेख देऊ केला. मासिकाने नकार दिला. विषय तेरा वर्षे तसाच राहिला.

त्या तेरा वर्षांबद्दल थोडक्यात सांगते. १९५१ मध्ये त्यांचे ‘द सी अराउंड अस’ आले आणि ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिले. पैसा आला, त्यांनी नोकरी सोडली, मेन राज्याच्या किनाऱ्यावर छोटे घर बांधले. तिथे शेजारच्या डोरोथी फ्रीमन यांच्याशी जन्माची मैत्री जुळली. १९५५ मध्ये किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीवर तिसरे पुस्तक झाले. आता निवांत लिहायचे दिवस, असे वाटत असतानाच १९५७ मध्ये त्या दोन भाच्यांपैकी एक वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर यांनी दत्तक घेतला. वय पन्नास, घरात म्हातारी आई आणि लहान मूल.

१९५८ च्या जानेवारीत एका पत्राची प्रत आली. मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरी या समुद्रकाठच्या गावी ओल्गा हकिन्स यांची दोन एकरांची खासगी पक्षी-राई होती. आदल्या उन्हाळ्यात खाजणातले डास मारायला विमानातून डीडीटी फवारले गेले, तेलात मिसळून. विमान त्यांच्या राईवरूनही गेले. पक्षी दारात, पाणवठ्याजवळ मरून पडले. डास मात्र होते तसेच. हकिन्सबाईंनी वर्तमानपत्राला लिहिले आणि कोणी मदत करील का, म्हणून एक प्रत कार्सनबाईंना धाडली. त्यांनी आधी दुसऱ्या कुणी लिहावे म्हणून प्रयत्न केला. कोणी तयार होईना, तेव्हा स्वतः बसल्या. पुस्तक पुरे व्हायला चार वर्षे लागली.

या चार वर्षांत त्यांनी जे गोळा केले त्यातली दोन प्रकरणे सांगते, दोन्ही पाण्याकाठची. पहिले फ्लोरिडातल्या सेंट लुसी काउंटीचे. १९५५ मध्ये तिथल्या सुमारे दोन हजार एकर खाजणावर डीलड्रिन टाकले गेले, वाळूमाश्यांच्या अळ्या मारण्यासाठी. आरोग्य खात्याच्याच शास्त्रज्ञांनी नंतर पाहणी केली. मेलेल्या माशांचा अंदाज होता अकरा लाखांहून जास्त. खेकडे जवळजवळ निपटले. खाजण वरून हिरवेच दिसत होते, पण पक्ष्यांसाठी तिथले ताट रिकामे झाले होते.

दुसरे कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचे. हे खाजण नव्हे, गोड्या पाण्याचे तळे. तिथे मासे पकडायला येणाऱ्यांना चिलटांचा त्रास होई. १९४९ मध्ये डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी तळ्यात सोडले गेले, अगदी जपून, सात कोटी भाग पाण्यात एक भाग. पुढे १९५४ आणि १९५७ मध्ये पाच कोटींत एक. तरीही टिबुकलीच्या कुळातले मोठे ग्रीब पक्षी मरू लागले. तळ्यावर एके काळी त्यांच्या हजारभर जोड्या घरटी करत, त्या तीसच्या आसपास उरल्या. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत दहा लाखांत सोळाशे भाग इतके विष निघाले. पाण्यातल्यापेक्षा हे सुमारे ऐंशी हजारपट होते.

हे कसे झाले ते समजायला सोपे आहे. ही रसायने पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. शेवाळ आणि सूक्ष्म जीव ती पाण्यातून शोषतात. छोटा मासा असे जीव हजारोंनी खातो, मोठा मासा छोटे मासे खातो, पक्षी मोठे मासे खातो. प्रत्येक पायरीवर अन्न पचते, जळते, पण विष शरीराबाहेर टाकता येत नाही, ते चरबीत साठत जाते. आता तो सँडरलिंग आठवा, प्रवासाआधी चरबी भरून घेणारा. वाटेत ती चरबी जळते तेव्हा त्यात विष असेल तर ते रक्तात उतरते, म्हणजे नेमके उपास पडलेले असताना. आईच्या दुधातूनही ते याच मार्गाने उतरते, आणि हे माणसालाही लागू आहे.

आता ती मान खाली घालण्याची गोष्ट. १९५० मध्ये कार्सनबाईंच्या स्तनातली एक गाठ काढली होती, ती साधी असल्याचे सांगितले गेले. १९६० च्या वसंतात पुन्हा गाठी लागल्या. शस्त्रक्रिया झाली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे छातीच्या स्नायूंसकट स्तन काढला गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी शल्यचिकित्सकाला सरळ विचारले, कर्करोग आहे का. उत्तर मिळाले, तसे नाही, पण जवळपास तसे होते, म्हणून खबरदारी घेतली. पुढचे उपचार सुचवले गेले नाहीत. खरे म्हणजे तो कर्करोगच होता आणि काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला होता. त्या वर्षाच्या शेवटी बरगडीवर नवीन गाठ दिसली तेव्हा त्यांनी क्लीव्हलंडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांना गाठले. क्राइल यांनी सगळे स्पष्ट सांगितले आणि किरणोपचार सुरू केले. तोवर महत्त्वाचे महिने गेले होते.

त्या शल्यचिकित्सकाला एकट्याला दोष देता येत नाही. १९६१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी आली होती. सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कर्करोग झाल्याचे न सांगण्याकडे होता. नवऱ्याला सांगत. कार्सनबाईंना नवरा नव्हता. आपल्याकडे हे अजून चालू आहे. दाराबाहेर मुलगा मला गाठतो, आईला नाव सांगू नका म्हणतो, ती खचेल. नवीन नोकरीत होते तेव्हा एका शिक्षिकेला मी असेच गोलमोल उत्तर दिले होते. दोन महिन्यांनी ती रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसली. ती रागावली नाही. शाळेतल्या मुलांची वर्षभराची व्यवस्था लावायची होती, तेवढे दोन महिने वाया गेले, इतकेच म्हणाली.

कार्सनबाईंनाही व्यवस्था लावायची होती. हाडांतली दुखणी, किरणोपचाराची मळमळ, सुजलेले सांधे, त्यात डोळ्यांच्या दाहाने काही आठवडे वाचणेही अशक्य. मजकूर मदतनीस वाचून दाखवी, त्या दुरुस्त्या सांगत. आजार त्यांनी जवळच्या चार माणसांपलीकडे कुणाला कळू दिला नाही. रसायनांमुळे कर्करोग होऊ शकतो असे लिहिणाऱ्या बाईलाच कर्करोग आहे हे कळले असते, तर विरोधकांनी पुस्तकाला सूडाचे पुस्तक ठरवले असते. जून १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’चे भाग आले आणि सप्टेंबरात पुस्तक. रसायन कंपन्यांनी खटल्याच्या धमक्या दिल्या, विडंबने छापली, बिनलग्नाच्या बाईला पुढच्या पिढ्यांची कसली काळजी, इथपर्यंत टीका गेली. ३ एप्रिल १९६३ ला सीबीएसवर कार्यक्रम झाला तेव्हा त्या विग घालून, खुर्चीत शांत बसून एकेका मुद्द्याचे उत्तर देत होत्या. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला. तो बहुतांशी त्यांच्या बाजूचा होता.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर याच पुस्तकात आहे. कीटकनाशके कधीच वापरू नका असे कार्सनबाईंनी म्हटलेले नाही. रोग पसरवणाऱ्या कीटकांचा बंदोबस्त हवाच, असेच त्यांचे म्हणणे. त्यांचा आक्षेप होता शेतांवर, रानांवर, खाजणांवर सरसकट ओतण्याला. आणि एक इशारा खास आरोग्य खात्यांसाठी होता. असे ओतत राहिलात तर डास सरावतील, आणि मग खरी गरज पडेल तेव्हा हत्यार बोथट झालेले असेल. आपल्याकडे त्याची सुरुवात पुस्तकाआधीच झाली होती. १९५९ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात खेड्यांत मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस हा डास डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद आहे. आकडे बघा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. डीडीटीच्या मोहिमेने १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले, हे आजोबांचे बालपण. १९७६ मध्ये ते पुन्हा ६४ लाखांवर गेले. आणि त्या काळात भारतात डीडीटीवर बंदी नव्हती. अमेरिकेने १९७२ मध्ये बंदी घातली ती स्वतःपुरती. आपण शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद केला, मलेरियासाठी चालूच ठेवला. रायगडच्या रसायनीत त्याचा कारखाना होता. स्टॉकहोम करारानेही रोगवाहक कीटकांसाठी सवलत ठेवली. मलेरिया परतला त्याची कारणे म्हणजे सरावलेले डास, सरावलेले जंतू, ढिली पडलेली देखरेख, आणि हेही सांगायला हवे, की फवारलेली भिंत सणाला शेणाने सारवून टाकणारे आपण. हे शेवटचे सांगितल्यावर आजोबा हसले. त्यांच्या आईने दरवर्षी तेच केले होते.

कार्सनबाईंचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. माणसातल्या कर्करोगाबद्दल त्यांच्याकडे असलेला पुरावा तोकडा होता आणि त्या प्रकरणांत त्यांचा सूर पुराव्याच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डीडीटीला बहुधा कर्करोगकारक या गटात टाकले ते २०१५ मध्ये. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र त्यांच्या नंतर जे सापडले ते अधिकच वाईट होते. १९६७ मध्ये ब्रिटनच्या डेरेक रॅटक्लिफ यांनी दाखवले की शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत आणि अंडी घरट्यातच फुटतात. डीडीटीपासून शरीरात होणारे डीडीई हे रसायन कवचात कॅल्शियम जाऊ देत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या खाजणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डासांसाठी तिथे वीस वर्षे डीडीटी मारले होते. सूक्ष्म जीवांत ते दहा लाखांत ०.०४ भाग होते, एका कुरव पक्ष्यात ७५ भाग. क्लिअर लेकची तीच शिडी भरती-ओहोटीच्या चिखलातही उभी होती.

हे वाचायला त्या नव्हत्या. १४ एप्रिल १९६४ ला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मेरीलँडमधल्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्या गेल्या. कर्करोग तेव्हा यकृतापर्यंत पोचला होता. आदल्या उन्हाळ्यात त्या मेनला जाऊन आल्या होत्या. चालणे कठीण झाले होते, खडकांतल्या डबक्यांपर्यंत उतरता येत नव्हते. एका सप्टेंबरच्या सकाळी डोरोथीबरोबर समुद्राकाठी बसून त्यांनी मोनार्क फुलपाखरांना दक्षिणेकडे जाताना पाहिले. त्यांची निम्मी रक्षा आईशेजारी पुरली गेली, निम्मी डोरोथींनी त्या किनाऱ्यावर सोडली. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता.

मेनच्या त्याच किनाऱ्यावर, कार्सनबाईंच्या घरापासून थोडे दक्षिणेला, १९६६ मध्ये खाजणांचे एक अभयारण्य राखले गेले आणि पुढे त्याला त्यांचे नाव दिले. सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यात ते तुकड्यातुकड्यांनी पसरले आहे. पाईपिंग प्लोव्हर नावाचा दुर्मीळ चिखल्या तिथे वाळूत अंडी घालतो. जुन्या काळी गवतासाठी आणि डास कमी व्हावेत म्हणून त्या खाजणांत सरळ रेषेत चर खणले होते. त्यांनी पाणी नको तिथे वाहून गेले आणि जमीन खचली. तिथले कर्मचारी आता खाजणातलेच गवत कापून त्या चरांत भरतात. भरतीबरोबर येणारा गाळ त्यात अडकतो आणि चर हळूहळू बुजत जातात.